काचेसाठी लेझर निवडताना वॅट शेवटी बघा

प्रोजेक्ट रिपोर्टात एक तक्ता हमखास असतो: लेझर, वॅट, किंमत. निवड अर्थात जास्त वॅटवाल्याची. माझा आक्षेप इथेच आहे. काच ती ऊर्जा शोषते का, हा रकानाच नसतो!

४५० नॅनोमीटरचा निळा डायोड आणि १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेझर साध्या काचेतून बहुतांशी आरपार जातात. म्हणून तर डायोडसाठी काचेला काळा रंग फासतात. कार्बन डायऑक्साइड लेझरचा १०.६ मायक्रोमीटरचा किरण मात्र पृष्ठभागावरच शोषला जातो. (१९६४ मध्ये तो बेल लॅब्जमध्ये घडवणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे, इंजिनिअरिंग पुण्यात शिकलेले.)

पण यातही मेख आहे. उष्णतेने काचेला बारीक भेगा पडतात, कपच्या उडतात. आपण ज्याला कोरीव काम म्हणतो, ती अनेकदा भेगांची पांढरट जाळी असते. ट्रॉफीला ती चालेल, मायक्रोफ्लुइडिक चॅनलला नाही. बारीक खुणांसाठी ३५५ नॅनोमीटरचा यूव्ही लेझर बरा, पण महाग. काच त्यालाही बरीच पारदर्शक असते. छोट्या ठिपक्यात एकवटलेल्या पल्सची तीव्रताच शोषण घडवते.

तेव्हा तक्त्यात 'शोषण' आणि 'भेगा' हे दोन रकाने आधी घाला. गाइडचा पहिला प्रश्न तिथूनच येणार आहे.