नात्यातली ट्रॅक्टरची केबिन आणि ‘जुगाड’ नावाचा सोपा शब्द

महाडहून पाचाड-रायगडाच्या रस्त्याला लागलात की वाटेत नाते लागतं. तिथल्या एका शेतकऱ्याने ओळखीच्या वेल्डरकडून आपल्या ट्रॅक्टरला लोखंडी केबिन करून घेतली आहे. दीड इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, वर पत्रा, समोर ॲक्रिलिकची काच, दोन्ही बाजूंना गुंडाळून ठेवता येणारी ताडपत्री. कारण विचारायची गरजच नाही. चिखलणीच्या दिवसांत इथला पाऊस ड्रायव्हरला दिवसभर झोडपतो, आणि कंपनीच्या केबिनचा ट्रॅक्टर या लहान लहान खाचरांच्या शेतीला परवडत नाही.

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ही केबिन आहे. पहिल्या मसुद्यात मी तिला ‘स्थानिक साधनांतून घडलेला कमी खर्चाचा, सुरक्षित नवोपक्रम’ म्हटलं होतं. वाक्य कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही. आज त्या वाक्याचीच चिरफाड करू या, कारण तुमच्या सिनॉप्सिसमध्ये त्याची भावंडं नक्की सापडतील.

‘सुरक्षित’ म्हणजे कशापासून? पावसापासून, उन्हापासून, रस्त्यावर लोंबणाऱ्या फांद्यांपासून: हो. पण ट्रॅक्टरवर माणूस मरतो तो बहुतेक वेळा ट्रॅक्टर उलटून. आणि उलटण्याची जागा इथे पावलापावलावर आहे. एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध चढावा लागतो, एक चाक वर आणि एक चिखलात.

या धोक्यासाठी जगात वेगळी चौकट आहे, तिला रोप्स म्हणतात. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली. ओईसीडीच्या कोड ४ मध्ये तिची चाचणी कशी घ्यायची ते दिलेलं आहे. मला तो कोड वाचताना खरा धक्का बसला तो एका साध्या गोष्टीचा. वेल्डरने मला अभिमानाने सांगितलं होतं, “वर हत्ती उभा केला तरी वाकायची नाही.” चाचणी मात्र चौकटीला वाकू देते! बाजूने ढकलताना चौकटीने ऊर्जा गिळली पाहिजे; ज्यूलमध्ये ती मोजायची तर ट्रॅक्टरच्या किलोतल्या वस्तुमानाच्या १.७५ पट. १८०० किलो धरले तर ३१५० ज्यूल. म्हणजे तोच अख्खा ट्रॅक्टर साधारण १८ सेंटिमीटरवरून खाली सोडल्यावर मिळेल तेवढी. वरून दाबायचा भार वस्तुमानाच्या २० पट न्यूटन, इथे ३६,००० न्यूटन. ट्रॅक्टरच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट. चौकट वाकली तरी चालेल, फक्त ड्रायव्हरभोवती ठरवून दिलेल्या जागेत ती घुसता कामा नये. अजिबात न वाकता बोल्टमधून किंवा वेल्डच्या कडेला तुटली, तर ती नापास.

आता नात्यातल्या केबिनचे बोल्ट बघा. मागचे दोन खांब मडगार्डला, पुढचे दोन फूटबोर्डला. मडगार्ड म्हणजे पत्रा. उलटताना येणारा जोर पेलायचा तो मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगने, आणि तिथपर्यंत या सांगाड्याचा हातच पोचत नाही. पाइप कितीही जाड घ्या.

आणखी एक हिशेब मी उशिरा केला. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर धरा, मध्यापासून चाकाचं अंतर ६५ सेंटिमीटर, केबिन १५० किलो आणि तिचा मध्य १८० सेंटिमीटरवर. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुम्ही आपले घालून बघा. गुरुत्वमध्य ८३ सेंटिमीटरवर जातो आणि ट्रॅक्टर उभा असताना कलंडायचा कोन सुमारे ४१ अंशांवरून ३८ वर येतो. तीन अंश. म्हणजे जी केबिन उलटल्यावर वाचवेल याची खात्री नाही, ती उलटण्याची शक्यता थोडी वाढवते.

मग मी ‘सुरक्षित’ का लिहिलं? कारण माझ्या डोक्यात आधीच एक शब्द होता. नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांचं ‘जुगाड इनोव्हेशन’ (२०१२) तुम्ही वाचालच, वाचाच. वाकानेरच्या मनसुख प्रजापतींचा मातीचा फ्रिज त्यात आहे, आणि गरिबाच्या हातातल्या कल्पकतेकडे कंपन्यांना आदराने बघायला लावणं हे या पुस्तकाचं खरं काम. पण त्याचा वाचक मॅनेजर आहे. अडचणीत संधी शोधा, थोड्यात जास्त करा, साधं ठेवा, हा सल्ला त्याला उपयोगी. संशोधकाने तोच मोजपट्टी म्हणून घेतला की घोळ होतो. मातीचा फ्रिज बिघडला तर भाजी नासते. केबिन बिघडली तर मान मोडते. दोन्हींना एकाच कौतुकाच्या शब्दात बसवलं की अपयशाची किंमत कोण मोजणार हा प्रश्नच गळून पडतो. नात्यात त्याचं उत्तर सोपं होतं, मी विचारलंच नव्हतं: केबिन मालकाने करून घेतली, पण तासावर भाड्याने जाणाऱ्या त्या ट्रॅक्टरवर बसतो रोजंदारीचा ड्रायव्हर.

उलट टोकाला जाऊन ‘अडाणी, धोकादायक’ असंही लिहू नका. दिवसभर भिजून काकडलेल्या माणसाच्या हातून ब्रेक वेळेवर दाबला जाईलच असं नाही. पाऊस अडवणं हेही सुरक्षेचंच काम आहे. मालक चुकीचं काही करत नव्हता. त्याने ज्या प्रश्नाचं उत्तर बांधलं, तो माझ्या वाक्यातला प्रश्न नव्हता.

हे सगळं कागदावरच राहिलं असतं. पण दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा मालक म्हणाला, “मॅडम, माझा मेव्हणा पण करतोय अशीच. त्याला सांगितलं, पीएचडीच्या मॅडमनी मापं घेतली, फोटो काढले, पास झाली.”

मी बोल्टचा विषय काढला. तो ऐकून घेत होता. वेल्डर मात्र खाली बसला, मडगार्डच्या आत हात घालून हाउसिंग चाचपलं आणि म्हणाला, “इथे प्लेट बसेल. पण भोक पाडायचं नाय ना याला?” नाही, हाउसिंगला भोक पाडायचं नाही, तिथे आधीच असलेल्या बोल्टच्या जागा वापरायच्या, एवढं मला माहीत होतं. प्लेट किती जाडीची, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते घेऊन पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे. तोवर मेव्हण्याचं काम थांबवून ठेवायचं मालकाने कबूल केलंय. लावणीच्या आत झालं पाहिजे, एवढीच त्याची अट.