तेल खाणारे की तेल ढकलणारे?

जामखेडच्या जमिनीखाली काळा बसाल्ट आहे, खनिज तेल नाही. तरीही तेलविहिरीत जीवाणू सोडण्याची गोष्ट आपल्या वर्गापर्यंत पोहोचते, आणि बहुधा चुकीच्या रूपात. ‘जीवाणू तेल खातात, म्हणून जास्त तेल मिळते’ असे मुले बेधडक सांगतात. खाल्ले तर मिळेल कसे, असे विचारले की वर्ग गप्प होतो.

हा दोष मुलांचा नाही. 2018 साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात समुद्रावरील तेलगळती साफ करणारे जीवाणू आहेत. ते तेलाचे विघटन करतात, हे तिथे बरोबरच आहे. लोकप्रिय लेख मात्र तीच गोष्ट उचलून तेलविहिरीला चिकटवतात.

विहिरीतला प्रश्न वेगळा आहे. साठ्याचा स्वतःचा दाब वापरून आणि नंतर पाणी सोडूनही बहुतेक ठिकाणी निम्म्याहून अधिक तेल खडकाच्या छिद्रांतच राहते. पाट फुटला की पाणी एकाच वाटेने धावते आणि बाकीचे वाफे कोरडे राहतात, तसेच इथे होते. म्हणून पाणी दाट करायचे. त्यासाठी झँथन हे जैवबहुवारिक वापरतात. कोबीवर घाण्या रोग आणणाऱ्या झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जीवाणूला कारखान्यात साखरेवर वाढवून ते मिळवतात. आपल्या लिंबावरचा खैऱ्या आणि डाळिंबावरचा तेल्या हे त्याच्याच भाऊबंदांचे काम. (‘तेल्या’ हे नाव तेलकट डागांवरून पडले, खनिज तेलाशी त्याचा संबंध नाही!) गंमत म्हणजे जीवाणूंनी बनवलेले हे झँथन साठ्यातले दुसरे जीवाणू फस्त करतात, म्हणून त्यासोबत जंतुनाशकही सोडावे लागते.

जिवंत सूक्ष्मजीव विहिरीत सोडणे ही निराळी पद्धत. साखर कारखान्याच्या मळीसारखे खाद्य दिले की ते आम्ल, वायू आणि साबणासारखी द्रव्ये तयार करतात. आम्लाने चुनखडक विरघळतो, साबणी द्रव्याने तेल खडकापासून सुटते. पण खोल साठ्यातली उष्णता बहुतेकांना सोसत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी 91 ते 96 अंश सेल्सिअस तापमानाच्या साठ्यांसाठी अशी पद्धत 2014 साली प्रसिद्ध केली. या विषयातले खरे कष्ट असे आहेत, आणि लेखांत नेमके तेच गाळले जातात.

‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषणही आम्हाला खटकते. जीवाणूंच्या मदतीने काढलेले तेल जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड कमी निघत नाही. त्याहून मोठी तक्रार आकड्यांची. ‘उत्पादन दुप्पट झाले’ असे छापून येते. किती महिने? प्रयोगापूर्वी उत्पादन कोणत्या वेगाने घटत होते? जीवाणू न सोडलेल्या शेजारच्या विहिरीचा आलेख आम्ही वाचलेल्या एकाही लेखात नव्हता.