मातीत नेमके काय विरते?

१ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. तेव्हापासून विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसलो की एक तरी बशी आमच्यासमोर येतेच. ती वनस्पतिजन्य प्लास्टिकमध्ये उसाची चिपाडे किंवा केळीच्या खोडाचे तंतू मिसळून केलेली असते. शेजारच्या तक्त्यावर लिहिलेले असते, 'टाकाऊतून टिकाऊ'. जी वस्तू टिकू नये म्हणून एवढा खटाटोप, तिलाच टिकाऊ म्हणायचे!

कल्पना चांगली आहे, यात शंका नाही. मका किंवा उसाच्या शर्करेपासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल (पीएलए) कडक पण ठिसूळ असते व साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. तंतूंमुळे त्याचा ताठपणा वाढतो, महागडे प्लास्टिकही कमी लागते. मात्र सेल्युलोज पाणी ओढते आणि पीएलए पाण्यापासून फटकून राहते. दोघांचे जमावे म्हणून तंतू बहुधा कॉस्टिक सोड्यात धुतात. त्या सांडपाण्याचा उल्लेख तक्त्यावर आम्हांला अजून दिसलेला नाही.

'टाकाऊ' हा शब्दही तपासावा. साखर कारखाने चिपाडे बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळवतात. जळगावकडे घड उतरवल्यावर मागे राहणाऱ्या केळीच्या खोडांना तो शब्द अधिक शोभतो.

पण खरी गफलत प्रयोगात आहे. मुले तुकडा मातीत पुरतात आणि दोन महिन्यांनी त्याचे वजन करतात. समजा, तुकड्यात ३० टक्के तंतू होते आणि वजन २० टक्के घटले. मग घटले कोण? कदाचित नुसते तंतूच कुजले असतील आणि प्लास्टिक जसेच्या तसे उरले असेल. पीएलएच्या लांब साखळ्या आधी पाण्याने तुटाव्या लागतात, मगच सूक्ष्मजीव त्यांना खातात. हे सारे वेगाने होण्यास ६० अंशांच्या आसपासची ऊब लागते. गावचा उकिरडा आठवडेच्या आठवडे तेवढा तापलेला राहत नाही. म्हणूनच आयएसओ १७०८८ हे मानक नुसत्या वजनावर थांबत नाही. सुमारे ५८ अंशांच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइड झाले का, हे ते विचारते.

शाळेत हा वायू मोजणे अवघड आहे. पण नुसते पीएलए, नुसते तंतू आणि दोन्हींचे मिश्रण असे तीन नमुने बारीक जाळीच्या पिशव्यांत शेजारी शेजारी पुरता येतात. "नुसते प्लास्टिक वेगळे का पुरले नाहीस?" असे आम्ही एका मुलीला विचारले. ती म्हणाली, "सर, तक्त्यावर जागाच उरली नव्हती." तिला आम्ही क्रमांक दिला नाही. तीन खड्डे कुठे खणायचे, ते मात्र तिच्या बाईंना घेऊन शाळेच्या मागच्या अंगणात जाऊन ठरवले.