प्रतिकारशक्ती ‘कमी’ होते म्हणजे नेमके काय?

गरोदर स्त्रियांना हिवतापाचा धोका अधिक का, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर पुस्तिकांतून आणि वर्गांतून दिले जाते: गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते. तिला रक्तक्षय का होतो, याचेही उत्तर ठरलेले: लोह कमी पडते. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. गर्भ सामावून घेताना आईच्या प्रतिकारयंत्रणेत बदल होतात, आणि लोहाची उणीव आपल्याकडे सर्रास आढळते. पण जे पुरावे हाती आहेत, त्यांना ही उत्तरे पुरत नाहीत.

पहिले उत्तर तपासून पाहू. आफ्रिकेत जिथे फाल्सिपारम हिवतापाचा संसर्ग दाट असतो, तिथे पहिलटकरणींना सर्वाधिक त्रास होतो. पुढच्या बाळंतपणांत तो कमी होत जातो. केवळ गरोदरपणामुळे प्रतिकारशक्ती घटत असती, तर ती प्रत्येक खेपेला सारखीच घटायला हवी होती.

हे कोडे सुटायला मिखाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांच्या १९९६ सालच्या कामाने सुरुवात झाली. केनियातील स्त्रियांच्या वारेतून मिळवलेल्या बाधित तांबड्या पेशी कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला चिकटतात, असे त्यांना दिसले. एरवी हे परजीवी शरीरात इतर रेणूंना चिकटून राहतात. म्हणजे वार तयार होताच परजीवीला बस्तान बसवायला नवी जागा मिळते, आणि तिथे वाढणाऱ्या वाणाशी आईच्या शरीराची पूर्वी गाठच पडलेली नसते. १९९८ साली याच गटाने दाखवले की, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तातील प्रतिपिंडे हे चिकटणे रोखतात. त्याच भागात जन्म काढलेल्या पुरुषांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सहसा आढळत नाहीत. शक्ती ‘कमी’ झालेली नसते. त्या विशिष्ट वाणाची ओळख अजून व्हायची असते.

मात्र या संशोधनाकडेही चिकित्सेने पाहायला हवे. संसर्ग झाला की प्रतिपिंडे वाढतातच. तेव्हा प्रसूतीच्या वेळी रक्तात सापडलेले प्रतिपिंड ढाल आहे की जुन्या जखमेचा वण, हे केवळ त्याचे प्रमाण मोजून कळत नाही. परजीवीच्या ज्या प्रथिनामुळे पेशी वारेला चिकटते, ते २००३ साली ओळखले गेले. त्यावर आधारित दोन लसींच्या प्राथमिक चाचण्यांचे निष्कर्ष २०१९ आणि २०२० साली आले. प्रतिपिंडे तयार झाली, पण लसीत वापरलेल्या वाणापलीकडे त्यांचा प्रभाव मर्यादित राहिला.

आता रक्तक्षयाकडे वळू. परजीवी पेशी फोडतात, हे आपण शिकवतो. पण प्लीहा बाधित पेशींबरोबर निरोगी पेशीही काढून टाकते. दाहामुळे अस्थिमज्जेत नव्या पेशी मंदावतात, आणि हेप्सिडिन हे संप्रेरक वाढून शरीरातले लोह साठ्यातच अडकून पडते. म्हणजे रक्तक्षयाचा काही भाग बचावाच्या धडपडीतूनच येतो. अशा वेळी गोळ्यांनी भागत नाही. संसर्गही काढावा लागतो. म्हणून गोळ्या थांबवाव्यात, असाही अर्थ नव्हे. केनियातील ४७० गरोदर स्त्रियांवरील चाचणीत (२०१५) लोह घेणाऱ्यांमध्ये हिवताप लक्षणीय वाढला नाही, आणि बाळांचे वजन सरासरी सुमारे १५० ग्रॅमने अधिक भरले.

हे सारे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येईल का? गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हिवताप ठाण मांडून असला, तरी भारतात बहुतेक ठिकाणी संसर्ग आफ्रिकेइतका दाट नाही. जिथे संसर्ग विरळ, तिथे अशी ढाल घडण्याची संधीच कमी. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची स्त्रीही सुरक्षित धरता येत नाही. शिवाय व्हायवॅक्स हिवतापानेही रक्तक्षय होतो आणि बाळाचे वजन घटते.

‘शक्ती कमी झाली’ असे म्हटले की प्रश्न संपतो, आणि दोष नकळत बाईच्या शरीरावर जातो. वर्गात त्याऐवजी एवढेच विचारावे: ‘कोणाविरुद्धची शक्ती, आणि ती मिळवायची संधी तिला कधी मिळाली होती?’ मच्छरदाणी, वेळेवर रक्ततपासणी आणि पूर्ण उपचार पहिल्या खेपेपासूनच का हवेत, हे मग मुले आपणच सांगतील.