शंबूकाने दाखविलेले अरण्य

आमगावजवळचे पद्मपूर हे आठव्या शतकातील नाटककार भवभूतीचे मूळ गाव, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. त्यामुळे आमच्या भागात निसर्ग आणि साहित्य यांची गोष्ट निघाली की भवभूतीच्या अरण्यवर्णनांचा उल्लेख होतोच. ती वर्णने श्रेष्ठ आहेत, याबद्दल माझा वाद नाही. पण ती कोणाच्या वधानंतर आणि कोणाच्या तोंडून येतात, हे सांगितले जात नाही. माझा प्रश्न तिथून सुरू होतो.

‘उत्तररामचरिता’चा दुसरा अंक पाहा. एका ब्राह्मणाचे मूल अकाली मरते. दोष ठेवला जातो तो तप करणाऱ्या शूद्र शंबूकावर. राम दंडकारण्यात येऊन त्याचा वध करतो. मग शंबूक दिव्य रूपात प्रकटतो, मारणाऱ्याचे उपकार मानतो आणि त्यालाच ते अरण्य, तिथले डोंगर आणि नद्या दाखवू लागतो. याच अंकाच्या आरंभी आत्रेयी ही तापसी वेदान्त शिकण्यासाठी अगस्त्याकडे निघालेली दिसते. एकाच अरण्यात एकीला विद्येची वाट मोकळी आहे, दुसऱ्याच्या वाट्याला तलवार आहे. भवभूती या प्रसंगाने अस्वस्थ झाला असावा. त्याच्या रामाला वार करण्यापूर्वी स्वतःच्याच हाताला बजवावे लागते. तरीही मेलेल्याने मारणाऱ्याचा वाटाड्या व्हावे, ही रचना त्याने मोडली नाही.

हे जुने नाटक आता कशाला, असे कोणी विचारील. माझ्या मते आजचे पर्यावरण-शिक्षण याच रचनेवर उभे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुस्तके निघाली, प्रकल्पवह्या भरल्या जाऊ लागल्या. या शिक्षणाचा सूर मात्र उपदेशाचा राहिला. झाडे लावा, पाणी वाचवा. कोणाला सांगता? जिच्या घरी पाणी डोक्यावरून येते, त्या मुलीला पाणी जपून वापरण्याचा धडा द्यायचा? जंगल तुटले की मोळीवालीकडे बोट दाखवायचे आणि खाणीचे व धरणाचे नाव घ्यायचे नाही, हा न्याय शंबूकाला लावलेल्या न्यायाहून वेगळा कसा?

आमच्या भंडारा-गोंदिया भागातले मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले मामा तलाव, हे शाश्वत विकासाचे उदाहरण म्हणून सांगितले जातात. धानाच्या शेतीला त्यांनी शतकानुशतके पाणी दिले. ते बांधण्याचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते आणि ते यथार्थ आहे. परंतु पाळीवर माती टाकणाऱ्या मजुरांची नावे कोणी नोंदवली नाहीत. तलावातले मासे आणि पाणवनस्पती पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारा ढिवर ‘अडाणी’ ठरतो आणि तीच माहिती पुस्तकात आली की ‘जैवविविधता’ होते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाणी कोणाचे, हा प्रश्न मात्र संपला नाही. तो प्रश्न 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उघडपणे विचारला होता. माणसाचा निसर्गाशी असलेला संबंध माणसामाणसांतल्या संबंधातून ठरतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आमच्या पर्यावरणविचाराचा आरंभ तिथे आहे.

त्याही आधी 1883 मध्ये महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर वाहत येऊन शेताला कसा खत होतो, बांध घालून पाणी कसे मुरवावे, जंगलखात्याने गायराने कशी हिरावली, हे सर्व त्यात आहे. मुख्य म्हणजे शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्यांनी अविद्येत दाखविले. माती आणि विद्या यांचा एकत्र विचार करणारा हा ग्रंथ पर्यावरणाच्या वर्गात का वाचला जात नाही?

प्रश्न केवळ साहित्याचा नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात बिगर-आदिवासी वननिवासींना, म्हणजे जंगलाकाठच्या दलितांनाही, 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्याकडे पाऊण शतकाचा पुरावा मागायचा! जंगलाच्या वाटा सांगताना त्यांची साक्ष चालते, जमीन मागताना चालत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. तलावाचा धडा असेल तर त्याची माती कोणी वाहिली आणि त्याच्या पाण्यापासून कोणाला दूर ठेवले, हे त्यात यावे. ‘असूडा’तला बांधबंदिस्तीचा विचार मुलांसमोर यावा. आणि भवभूतीच्या गावच्या मुलांना दुसरा अंक शिकवायचा असेल, तर अरण्याच्या वर्णनापासून सुरुवात करू नये. शंबूकाच्या वधापासून करावी.