वळणवाटांचे ऋण : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

थोरांची चरित्रे लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. चरित्रनायक जणू पाळण्यातूनच ध्येयाकडे निघतो आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण त्याच्याच कार्यासाठी जन्मलेला असतो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ ही रीत पाळत नाही. १९३४ साली पहिला भाग प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आयुष्याची वाकडी वाट वाकडीच दाखवते, आणि आमच्या मते त्याचे खरे मोठेपण येथेच आहे.

नारायण वामन टिळकांच्या जीवनाला कलाटणी कशाने मिळाली? १८९३ च्या सुमारास ते आगगाडीने राजनांदगावला चालले असता डब्यात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. काव्यावर बोलणे झाले आणि त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. पुढे डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी मात्र जो गेला तो गेलाच. आपण पेरलेल्या बीजाचे पुढे काय होईल हे त्या वेळी त्याला ठाऊक नव्हते.

याच घटनेची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंनी निर्भीडपणे मांडली आहे. अनोळखी माणसाच्या एका भेटीने जे घडले ते टिळकांना स्वतःच्या घरात घडवता आले नाही. ते कवी होते, कीर्तनकार होते, वादपटू होते. तरी कडक सोवळ्यात वाढलेल्या पत्नीचे मन त्यांच्या युक्तिवादाने वळले नाही. वर्षानुवर्षांच्या ताटातुटीचे दुःख तिने सोसले. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी ती एकटीच झुंजली आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत बाप्तिस्म्यापर्यंत पोहोचली. हा प्रवास सांगताना लेखिका कोणावर ठपका ठेवत नाही, की स्वतःचे गोडवे गात नाही. टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, हातातले काम टाकून निघून जाणे हे सारे ती हसत हसत सांगते. यामुळे टिळकांची उंची कमी होते असे काही वाचकांना वाटते. आम्हांला ते मान्य नाही. दोषांसकट दिसणारा माणूसच आपल्या घरातला वाटतो, आणि घरातल्या माणसापासूनच आपण काही शिकतो.

बालकवी ठोमरे यांच्यावरील प्रकरणे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. टिळकांच्या नगरच्या घरी ते मुलासारखे राहिले आणि त्यांचे रुसवेफुगवे लक्ष्मीबाईंनी काढले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि १९१८ साली रेल्वे अपघातात अकाली गेले. मग त्या मायेचे फलित काय? हा हिशेब पुस्तकात कोठेही नाही. माया केली एवढेच तेथे आहे.

आणखी एक वळण तर विलक्षण आहे. तरुण टिळकांनी अशिक्षित पत्नीला अक्षरे शिकवली तेव्हा त्यांच्या मनात काय असेल ते असो. १९१९ साली ते निवर्तले. आज सामान्य मराठी वाचक टिळकांना ओळखतो तो मुख्यतः त्याच अक्षरांतून.

टिळक दांपत्य आपल्या पंथाचे नव्हते, तरीही हे पुस्तक आपल्या प्रत्येक घरात असावे असे आम्हांला वाटते. मुलांवर संस्कार करताना आपण उद्याच फळ मागतो. मुलगा मिस्साला यायचा थांबला, मुलगी वेगळ्या वाटेने गेली, की आपले सारे व्यर्थ गेले असे समजून खचतो. अशा आईबापांनी उपदेशाची पुस्तके क्षणभर बाजूला ठेवून ‘स्मृतिचित्रे’ उघडावे. आपला कोणता शब्द कोणाच्या आयुष्यात कोठे रुजेल हे ठरवणे आपल्या हाती नाही. तो शब्द मायेने उच्चारणे मात्र नक्कीच आहे.