वर्तन आणि विकलांगता: दोन न्यायनिर्णयांचे परीक्षण

विकलांग मुलाला त्याच्या वर्तनाबद्दल शाळेने निलंबित करावे आणि पालकांनी त्या निर्णयाविरुद्ध दाद मागावी, अशा वादांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो. जे वर्तन विकलांगतेतूनच उद्भवते, त्याबद्दलची शिक्षा ही विकलांगतेचीच शिक्षा होय की नव्हे? ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाचा २००३ सालचा निर्णय आणि इंग्लंडमधील अपर ट्रायब्युनलचा २०१८ सालचा निर्णय यांनी या प्रश्नाचा विचार दोन भिन्न मार्गांनी केला आहे.

ऑस्ट्रेलियातील खटल्यातील मुलाच्या मेंदूस शैशवातील मेंदूविकारामुळे इजा झाली होती. १९९७ साली तो न्यू साउथ वेल्समधील एका सरकारी माध्यमिक शाळेत दाखल झाला. लाथा मारणे, ठोसे मारणे अशा वर्तनामुळे त्याला वारंवार निलंबित करण्यात आले व अखेर शाळेतून काढण्यात आले. त्याचा सांभाळ करणाऱ्या पालकाने १९९२ च्या विकलांगता-भेदभाव कायद्याखाली तक्रार केली. मानवी हक्क आयोगाने ती मान्य केली. परंतु फेडरल कोर्टाने आयोगाचा निर्णय फिरवला आणि हायकोर्टानेही पालकाचे अपील पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळले.

या निकालातील युक्तिवाद सूक्ष्म आहे. बहुमतातील तीन न्यायमूर्तींच्या संयुक्त निकालपत्राने असे मान्य केले की, विकलांगता म्हणजे केवळ मेंदूतील इजा नव्हे. तिच्यापासून होणारे वर्तनही तिच्यातच मोडते. तथापि भेदभाव झाला की नाही हे ठरविण्यासाठी कायद्याला तुलना हवी होती: विकलांगता नसलेल्या विद्यार्थ्याला ‘तशाच परिस्थितीत’ कसे वागविले असते? बहुमताने त्या परिस्थितीत हिंसक वर्तनाचाही समावेश केला. तसेच वागणाऱ्या निरोगी मुलालाही काढले असते. सबब भेदभाव झाला नाही, असा निष्कर्ष निघाला.

येथेच या तर्काचे वैगुण्य आहे. व्याख्येत जे दिले, ते तुलनेत परत घेतले गेले. वर्तन हे विकलांगतेचे अंग असेल, तर विकलांगता वजा करताना तेही वजा झाले पाहिजे, ही अल्पमतातील न्यायमूर्ती मॅकह्यू व कर्बी यांची भूमिका अधिक सुसंगत होती. २००९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, विकलांगतेचे लक्षण असलेले वर्तन विकलांगतेतच येते, असे स्पष्ट करण्यात आले. परंतु तुलनेची कसोटी कायम राहिली. म्हणजे जो भाग पूर्वीच मान्य झाला होता तोच पक्का झाला.

इंग्लंडमधील प्रकरण वरकरणी क्षुल्लक होते. अकरा वर्षांच्या स्वमग्न मुलाला आक्रमक वर्तनाबद्दल केवळ दीड दिवस शाळेबाहेर ठेवले होते. तेथील २०१० च्या समानता कायद्यात, विकलांगतेतून उद्भवलेल्या गोष्टीमुळे प्रतिकूल वागणूक मिळाल्यास तुलनेची गरज नाही. ती वागणूक रास्त हेतूसाठी व प्रमाणशीर होती, हे संस्थेने सिद्ध करावयाचे असते. मात्र त्याखालील नियमांनी ‘शारीरिक अत्याचाराची प्रवृत्ती’ विकलांगतेच्या व्याख्येतून वगळली होती. त्यामुळे ज्या मुलांना या संरक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांच्यापैकी अनेकांना ते मिळतच नव्हते. पालकांच्या अपिलावर ट्रायब्युनलने ठरविले की, शिक्षणाच्या संदर्भात स्वमग्न मुलांना हा अपवाद लावणे मानवी हक्कांशी विसंगत आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. वर्गातील इतर मुलांचे व शिक्षकांचे रक्षण कोणी करावयाचे? आक्षेप वजनदार आहे. ऑस्ट्रेलियन सरन्यायाधीश ग्लीसन यांच्या निकालपत्रातही या चिंतेला मोठे स्थान आहे. परंतु २०१८ च्या निर्णयाने निलंबनाचा अधिकार काढून घेतलेला नाही. त्याने शाळेवर कारणे दाखविण्याची जबाबदारी टाकली आहे: शिक्षकांना प्रशिक्षण दिले होते काय, वर्ग शांत राखला होता काय, सौम्यतर उपाय योजून पाहिले होते काय?

दोन्ही निर्णयांतील खरा भेद या प्रश्नांच्या स्थानात आहे. तुलनेच्या कसोटीत मुलाने काय केले एवढेच पुढे येते. समर्थनाच्या कसोटीत शाळेने काय केले, हेही विचारावे लागते. सुरक्षिततेचा विचार दोहोंतही होतो; परंतु दुसऱ्या कसोटीतच तो पुराव्यानिशी तपासला जातो. निलंबन दीड दिवसाचे असो वा कायमचे, पालकांची मागणी मुळात या तपासणीचीच असते.